रंगांच्या सहवासात (९) : ओटीतला हिरवा

सिॲटलच्या तुरुंगातल्या गुलाबी कोठडीची गोष्ट या आठवड्यात सांगणार होतो. ती आता पुढच्या आठवड्यात. मिरजेहून एक पत्र आलंय आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही.

पत्र लिहिणाऱ्या बाईंचं सगळं आयुष्य ओटीत परिचारिका म्हणून गेलं. आता त्या निवृत्त आहेत. मागच्या लेखात मी ओघात लिहून गेलो होतो, की शस्त्रक्रियागृहात हिरवा रंग असतो कारण तो मन शांत ठेवतो. बाईंनी नेमकं तेच वाक्य पकडलं. त्या लिहितात, ‘पेशंटला भूल दिलेली असते, त्याला कसला रंग! आणि आम्ही शांत असायचो ते सवयीने. हिरव्या चादरीचं कारण वेगळं आहे. आमच्या सरांनी ते मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तुम्ही एकदा नीट पाहा.’

बाईंचं बरोबर आहे. ते वाक्य मी मागे घेतो.

ओटी पहिल्यापासून हिरवी नव्हती, पांढरीही नव्हती. टॉमस एकिन्स या अमेरिकी चित्रकाराने फिलाडेल्फियातल्या शस्त्रक्रियांची दोन मोठी चित्रं काढली आहेत. १८७५च्या ‘द ग्रॉस क्लिनिक’मध्ये सर्जन काळ्या कोटात उभा आहे आणि हात रक्ताने माखलेला आहे. १८८९च्या ‘द ॲग्न्यू क्लिनिक’मध्ये सगळे पांढऱ्या कपड्यांत. मधल्या चौदा वर्षांत लिस्टर या ब्रिटिश सर्जनची जंतुनाशनाची शिकवण तिकडे रुजली होती. पांढऱ्यावर डाग लपत नाही, म्हणून पांढरा हा स्वच्छतेचा रंग ठरला. भिंती, चादरी, झगे, सगळंच पांढरं झालं. वर विजेचे दिवे आले आणि ते पांढरेपण डोळ्यांत खुपू लागलं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलमधल्या हॅरी शर्मन या सर्जनने यावर विचार केला आणि १९१४ साली त्यावर लेखही लिहिला. त्याची अडचण साधी होती. सर्जनला बघायची असते ती जखम, आणि ती खोल, ओली, काळपट लाल. तिच्या भोवती लख्ख पांढरं कापड. त्या झळाळीने बाहुली आकसते आणि मग खोलातलं नीट दिसत नाही. शर्मनने रक्ताच्या लालाचा विरोधी रंग शोधला. तो निघाला पालकाच्या भाजीसारखा हिरवा. जमीन आणि भिंतींचा खालचा भाग त्याने त्या रंगाचा करून घेतला.

आता विरोधी म्हणजे काय, ते घरीच पाहा. पांढऱ्या कागदावर रुपयाएवढा कुंकवाचा ठळक ठिपका काढा. दिवसाउजेडी, खिडकीजवळ बसून, नजर न हलवता तीस आकडे मोजेपर्यंत त्याच्याकडे बघा. विसाव्या आकड्याच्या आसपास ठिपक्याची कड उजळल्यासारखी दिसते. तीस झाले की नजर शेजारच्या कोऱ्या कागदावर न्या. तिथे तेवढाच एक फिकट मोरपिशी ठिपका उमटतो. डोळा फिरवाल तिकडे तो सरकतो, मिटत आला की पापणी लववा, पुन्हा उजळतो. दृष्टिपटलावरच्या ज्या पेशी लालाला जास्त प्रतिसाद देतात, त्या एवढ्या वेळात थकलेल्या असतात. समोर पांढरा प्रकाश आला की त्यातला लालाचा वाटा त्या पूर्ण कळवत नाहीत. पांढऱ्यातून लाल वजा झाला की उरतो तो हा मोरपिशी.

दोन-तीन तास उघड्या जखमेत नजर लावून बसलेल्या माणसाने मान वर केली आणि समोर पांढरी चादर असली, तर ते हिरवट ठसे त्याला चादरभर दिसणार. चादरच हिरवी असली की ते तिच्यात विरून जातात. शिवाय हिरव्यावर क्षणभर टेकलेली नजर लालासाठी पुन्हा ताजी होते; शीर कुठली, धमनी कुठली, हा लालालालातला भेद परत कळू लागतो. बाईंच्या सरांनी हेच सांगितलं असणार.

हा ठसा जर्मन कवी गटेलाही दिसला होता, आणि तो प्रसंग मला फार आवडतो. संध्याकाळी तो एका खानावळीत शिरला. गोऱ्यापान चेहऱ्याची, काळ्या केसांची, लालभडक चोळी घातलेली एक मुलगी समोर आली. तो तिच्याकडे बघत राहिला. ती निघून गेल्यावर मागच्या पांढऱ्या भिंतीवर त्याला तिचीच आकृती दिसली: चेहरा काळा, भोवती उजेड, आणि चोळी समुद्रासारखी हिरवी. १८१०च्या रंगांवरच्या ग्रंथात त्याने हे लिहून ठेवलं आहे.

डोळ्याच्या या स्वभावाचा अनुभव व्यवहारात फार जणांना येतो. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत शेवरल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली रंगाई खात्याचा प्रमुख झाला. तिथे तक्रार होती की काळा धागा कच्चा रंगतो. त्याने धागा तपासला, दुसरीकडचा काळा मागवून ताडून पाहिला. रंगात खोट नव्हती. काळा फिका पडत होता तो शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे. त्यातून १८३९ साली त्याचं जाडजूड पुस्तक निघालं. पुढच्या शतकात अमेरिकेत फेबर बिरेन हा रंगसल्लागार शिकागोतल्या एका मांसविक्रेत्याच्या मदतीला गेला. पांढऱ्याशुभ्र भिंतींपुढे त्याचं मांस करडं दिसे. बिरेनने मागे निळसर हिरवा रंग द्यायला सांगितलं. मांस तेच होतं, पण तांबडं दिसू लागलं आणि खप वाढला.

आपल्याकडचे साडीवाले हे कुठल्याही पुस्तकाशिवाय जाणतात. मागे दादरला एका लग्नाच्या खरेदीला बसलो होतो. पांढऱ्या गादीवर एकावर एक लाल शालू उलगडले जात होते. सहाव्याला नवरीमुलगी म्हणाली, ‘सगळे सारखेच दिसतायत, आणि मळकट.’ विक्रेत्याने काही न बोलता त्यावर एक गडद हिरवी पैठणी अंथरली, तिचा पदर सावकाश दाखवला, किंमत सांगितली, घडी घालून ठेवली. मग मघाचाच तिसरा शालू उचलला. ‘ताई, आता बघा.’ तो शालू पेटल्यासारखा दिसत होता. मी नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘मध्ये डोळा धुवावा लागतो, काका.’

माझ्या मते रंग आणि मन यांच्याबद्दल जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं आधी डोळ्यापाशी तपासायला हवं. चार तास झळाळीत काम केलेल्या माणसाचं डोकं दुखतं, तो चिडतो. हिरव्याने ते टळलं तर आपण म्हणतो, हिरवा शांत करतो. पण काम झालेलं असतं डोळ्याचं. ही फोड न करता ‘अमुक रंग लावा, अमुक वाटेल’ असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. गुलाबी कोठडीकडेही पुढच्या आठवड्यात याच नजरेने बघायचं आहे.

त्याआधी एक मागणं. इचलकरंजी-सोलापूरकडच्या रंगाई खात्यांत दिवसभर कापडाचा रंग जुळवणारी मंडळी हा लेख वाचत असतील. सलग लाल किंवा सलग पिवळं तपासताना नजर थकली, की विसाव्याला तुम्ही कशाकडे बघता, ते मला जरूर कळवा.