मालवाहतुकीसाठी जुनी गाडी घेताना



भेंडी, काकडी तोडली की माल वेळेत कल्याण नाहीतर वाशीच्या बाजारात पोचला पाहिजे. एस.टी.च्या टपावर किंवा दुसऱ्याच्या टेम्पोवर किती दिवस अवलंबून राहायचे, असे म्हणून आपल्या भातसानगर, शहापूर, मुरबाड भागात कुणी जुनी गाडी घ्यायचे ठरवतो. विचार चांगला आहे. पण बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, मगच किमतीचे बोलतो. गाडीच्या वेळी मात्र रंगाला भुलतो. तसे करू नका.

आधी गरज ठरवा. घरची दोन माणसे आणि थोडे क्रेट न्यायचे आहेत, रस्ता डांबरी आहे, तर मारुतीची ओम्नी किंवा ईको पुरते. पाड्यापर्यंत कच्चा रस्ता, चिखल आणि चढ असेल तर बोलेरो, सुमोसारखी दणकट चासीची गाडी बरी. ओम्नी आणि सुमो यांचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले. म्हणून सुटे भाग जवळपास मिळतात का, हे ओळखीच्या मिस्त्रीला आधी विचारा.

गाडी सकाळी, उजेडात आणि इंजिन थंड असताना पाहा. सतत निळा धूर आला तर इंजिन ऑइल जाळते आहे, म्हणजे मोठा खर्च. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल तर आत पाणी शिरत असण्याचा संभव असतो. खाली वाकून चासी, पाटे आणि तळाचा पत्रा तपासा. आपल्याकडे पाऊस जबर, गंज खालूनच चढतो. चार माणसे बसवून चढावर न्या. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट झिजली समजा.

पुरात बुडालेल्या गाडीपासून सांभाळा. २६ जुलै २००५ ला मुंबई-ठाण्यात आणि जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीकाठी बदलापूर भागात काय पाणी चढले, ते आपल्याला माहीत आहे. बुडालेली गाडी धुऊन, रंगवून नवी दिसते; वायरिंग मात्र पुढे दगा देते. सीटचा पट्टा पूर्ण ओढून पाहा, खालचा गालिचा उचला. चिखलाचे डाग किंवा सीटच्या रुळांना गंज दिसला तर सौदा सोडा.

सातबाऱ्यावर बोजा पाहता, तसा आर.सी.वरही पाहा. कर्जाची नोंद असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घ्या. चासी व इंजिनाचे नंबर स्वतः पडताळा. नमुना २९ व ३० वर सह्या घेऊन ३० दिवसांच्या आत गाडी नावावर करण्यासाठी अर्ज द्या. विमाही नावावर करा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, तिची मुदत किती उरली ते बघा. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीतून दुसऱ्याचा माल भाड्याने नेता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

शेवटचे, पैशाचे. टायर, बॅटरी, ब्रेक आणि विमा यांचा खर्च मिस्त्रीकडून काढून घ्या आणि तो किमतीत मिळवा. ही बेरीज झेपत असेल तरच इसार द्या. बी-खताचे पैसे गाडीत घातले, तर दारात गाडी उभी राहील आणि तिच्यात भरायला माल नसेल.