मळसूत्र आणि औषध

गुडघा दुखो की दाढ, गोळी पोटातच जाते. तिथून ती रक्तात मिसळते आणि गरज नसलेल्या अवयवांतूनही फिरते. डोकेदुखीत हे चालून जाते. कर्करोगावरच्या जहाल औषधांनी मात्र गाठीबरोबर केसांची मुळे आणि आतड्याचे अस्तरही होरपळते. औषध नेमक्या जागी पोचवता येईल का, या प्रश्नातून चुंबकाने चालणाऱ्या सूक्ष्म रोबोटांच्या संशोधनाला बळ मिळाले आहे.

रोबोट म्हटले की मोटर, तारा, बॅटरी डोळ्यांपुढे येतात. इथे त्यांतले काही नसते. असतो तो चुंबकीय पदार्थाचा एक कण. त्याला चालवणारी शक्ती आणि दिशा देणारे डोके, दोन्ही शरीराबाहेर. चुंबकीय क्षेत्र मांसाहाडांतून सहज आरपार जाते, म्हणून हे शक्य होते.

मात्र कण नुसता ओढून भागत नाही. चुंबकाची ओढ कणाच्या घनफळाच्या प्रमाणात असते, द्रवाचा विरोध त्याच्या लांबीच्या प्रमाणात. त्यामुळे कण दहापट लहान केला, की ओढून मिळणारा वेग शंभरपट घटतो. शिवाय इतक्या लहान आकाराला पाणीही मधासारखे दाट भासते. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी दाखवले की, या जगात शिंपल्यासारखी नुसती उघडझाप करणारा जीव जागचा हलत नाही; जेवढा पुढे, तेवढाच मागे.

जिवाणूंनी यावर तोड काढलीच होती: शेपूट मळसूत्रासारखे गोल फिरवायचे. २००९ साली अंबरीश घोष आणि पीअर फिशर यांनी एक-दोन मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी, काचेची मळसूत्रे घडवून त्यांवर कोबाल्टचा लेप दिला. फिरत्या चुंबकीय क्षेत्राबरोबर ती फिरली आणि स्क्रू लाकडात शिरावा तशी पाण्यात पुढे सरकली.

घोष यांच्या बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील गटाने पुढे दातांकडे मोर्चा वळवला. रूट कॅनाल केल्यावरही दाताच्या सूक्ष्म नलिकांत जिवाणू दडून राहतात. २०२२ साली या गटाने काढलेल्या दातांच्या नमुन्यांत अशी मळसूत्रे नलिकांत खोल नेली आणि चुंबकीय क्षेत्रानेच तापवून जिवाणू मारले.

दात स्थिर असतो, त्यात रक्ताचा लोंढा नसतो. धमनीत मात्र रक्त सेकंदाला कित्येक सेंटीमीटर धावते आणि मळसूत्र जेमतेम काही दहा मायक्रोमीटर. वर ते एक्स-रेत दिसतही नाही. म्हणून झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात ब्रॅडली नेल्सन यांच्या गटाने उलट वाट धरली. त्यांची जिलेटिनची गोळी डोळ्यांना दिसेल एवढी मोठी असते. तिच्यात चुंबकासाठी लोहाच्या ऑक्साइडचे कण असतात, एक्स-रेत दिसण्यासाठी टँटलम धातू आणि मेंदूतल्या गुठळीसारख्या दुखण्यावरचे औषध. जागेवर पोचताच चुंबकीय क्षेत्राने तापवून ती विरघळवायची. २०२५ साली या पद्धतीच्या डुकरे आणि मेंढ्यांवरील चाचण्या प्रसिद्ध झाल्या.

लहान व्हावे तर कुठेही शिरता येते, पण दिसत नाही आणि प्रवाहात टिकत नाही; मोठे व्हावे तर दिसते, पण अरुंद वाट बंद होते. म्हणून सर्वत्र संचार करणारा एकच रोबोट येण्याची शक्यता कमी. दाताला एक, धमनीला दुसरा, अशीच ही विद्या रुग्णापर्यंत पोचेल. आणि तो कण कितीही चतुर भासला, तरी सुकाणू बाहेर बसलेल्या डॉक्टरच्याच हाती राहील.