औष्णिक वीजकेंद्रातील राख व तिचा पुनरुपयोग

चुलीतील राख ही टाकून देण्याची वस्तू आहे, असे खेड्यांतील गृहिणीने कधीच मानले नाही. तिने राखेने भांडी घासली, धान्यात राख मिसळून कीड दूर ठेवली व उरलेली राख उकिरड्यावर घालून तिचे खत केले. एका घरची राख दिवसाकाठी फार तर सूपभर. तिची व्यवस्था लावणे कठीण नव्हे. परंतु जेथे भट्टी इमारतीएवढी उंच आणि इंधन रेल्वेच्या वाघिणींतून येते, तेथील राखेचे काय करावयाचे?

महाराष्ट्रात कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी, भुसावळ, एकलहरे इत्यादी ठिकाणी कोळशावर चालणारी औष्णिक वीजकेंद्रे आहेत. तेथे कोळसा दळून पिठासारखा बारीक करतात व भट्टीत जाळतात. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते. वाफेच्या जोराने चक्र फिरते व त्यास जोडलेल्या जनित्रातून वीज मिळते. भारतीय कोळशात खनिज मातीचा अंश पुष्कळ असतो. त्यामुळे शंभर किलो कोळसा जळला, की साधारणतः तीस ते चाळीस किलो राख मागे राहते. तिच्यापैकी सुमारे एकपंचमांश जड राख भट्टीच्या तळाशी पडते. बाकीची इतकी सूक्ष्म असते, की ती धुराबरोबर वर चढते. हिलाच ‘उडती राख’ म्हणतात.

ही राख धुराड्यातून बाहेर पडू नये म्हणून विजेचीच मदत घेतात. धुरातील कणांवर विद्युत्भार आणला, की ते विरुद्ध भाराच्या धातुपट्ट्यांकडे ओढले जातात व तेथे चिकटतात. पट्ट्यांवर ठोके देऊन ती राख खाली पाडतात व गोळा करतात. कोरड्या केसांवर घासलेली फणी कागदाचे कपटे उचलते, हा वर्गातील परिचित प्रयोग याच जातीचा होय.

पूर्वी गोळा झालेली बहुतेक राख पाण्यात कालवून नळांवाटे मोठ्या तळ्यांत सोडीत. आजही ही पद्धत पूर्णपणे गेलेली नाही. अशी तळी शेकडो एकर जमीन अडवितात. उन्हाळ्यात ती सुकली, की वाऱ्याबरोबर राख गावांत व पिकांवर येते. २०२२ च्या जुलैमध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखतळ्याचा बांध फुटला व राखेचे पाणी शेतांत आणि ओढ्यांत शिरले. राख साठवून ठेवणे म्हणजे प्रश्न सोडविणे नव्हे, हे यावरून दिसून येते.

मग उपाय कोणता? तो राखेच्या गुणातच आहे. इटलीत नेपल्सजवळ पोत्सुओली नावाचे गाव आहे. तेथील ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून प्राचीन रोमन लोक पाण्यातही टिकणारी बांधकामे करीत. कोळशाच्या उडत्या राखेतही तसाच गुण आढळतो. तिच्यात सिलिका व ॲल्युमिना ही द्रव्ये मुख्यत्वेकरून असतात. सिमेंट पाण्याने घट्ट होत असता त्यातून चुना मोकळा होतो. राख त्या चुन्याशी संयोग पावते व नवा, चिवट बंध तयार करते. म्हणून पोझोलाना जातीच्या सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के उडती राख मिसळण्यास मानकांची संमती आहे. तितके मूळ सिमेंट कमी लागते. ते भाजण्याचे इंधन व त्यासाठी लागणारा चुनखडीचा दगडही वाचतो.

उत्तर प्रदेशातील रिहांद धरणाच्या काँक्रीटमध्ये उडती राख वापरली होती; ते धरण १९६२ मध्ये पूर्ण झाले. पुढे सह्याद्रीतील घाटघर जलविद्युत प्रकल्पाच्या धरणांतही काँक्रीटमध्ये राखेचे प्रमाण मोठे ठेवण्यात आले. कोळशाच्या विजेची राख पाण्याच्या विजेसाठी धरणाची भिंत झाली!

विटांच्या बाबतीत लाभ दुहेरी आहे. मातीच्या विटेसाठी शेताचा सुपीक थर खरवडला जातो व ती भाजण्यास इंधन जळते. राख, वाळू व सिमेंट अथवा चुना यांचे मिश्रण साच्यात दाबून केलेली वीट भाजावी लागत नाही. तिला काही दिवस पाणी पाजले, की ती पक्की होते. केंद्र सरकारने १९९९ मध्ये राखेच्या वापराविषयी अधिसूचना काढली. २०२१ च्या अखेरच्या अधिसूचनेने तर सर्व राख उपयोगात आणण्याचे बंधन वीजकेंद्रांवर घातले.

येथे एक सावधगिरी विद्यार्थ्यांच्या मनावर अवश्य ठसवावी. कोळशाची राख म्हणजे चुलीची राख नव्हे. तिच्यात शिसे, आर्सेनिक यांसारख्या विषारी द्रव्यांचे अंश असू शकतात व तिचे सूक्ष्म कण श्वासाबरोबर फुप्फुसांत जातात. तिने भांडी घासू नयेत, ती धान्यात घालू नये, राखतळ्याच्या काठी खेळू नये. सिमेंटमध्ये वा विटेत बांधली गेलेली राख उपकारक. मोकळी राख अपायकारक.

शिक्षकांनी शाळेजवळ चालू असलेले एखादे बांधकाम मुलांस बाहेरून दाखवावे. वीट लाल आहे की करडी, सिमेंटच्या पोत्यावर ‘पोझोलाना’ हा शब्द आहे काय, हे त्यांनी पाहून वहीत नोंदवावे. वर्गातील दिव्यामागे उरलेली राख कोठे गेली, हा प्रश्न ज्या मुलास पडला, त्यास हा पाठ समजला असे म्हणावे.