नक्कल : कोठून आणि कोठे?

संगणकावर हिशेब ठेवणाऱ्याला पहिली शिस्त लावली जाते ती नकलेची. दिवसाचे काम आटोपले की खतावणीची एक प्रत दुसऱ्या फ्लॉपीवर घ्यावी. मात्र त्या प्रत घेण्याच्या आज्ञेतच चुकीला केवढी वाट मोकळी होती, हे आरंभीचे वैयक्तिक संगणक पाहिल्यावर ध्यानात येते.

गॅरी किल्डॉल यांनी १९७४ साली घडविलेल्या सीपी/एम या प्रणालीत नकलेचे काम ‘पिप’ नावाचा स्वतंत्र प्रोग्रॅम करी. ए ड्राइव्हमधील खतावणी बी ड्राइव्हवर न्यायची असल्यास ‘पिप बी:=ए:खाते.डॅट’ असे लिहावे लागे. म्हणजे घेणारा आधी, देणारा नंतर. जर्नलच्या नोंदीत नावे बाजू आधी लिहिण्याचा सराव असलेल्या मुनिमाला हा क्रम परका वाटू नये. इतरांना मात्र तो उलटाच वाटणार.

१९८१ साली आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर डॉस आली. ड्राइव्हची अक्षरे, फाइलनावांची ठेवण सीपी/एमच्याच वळणाची. परंतु क्रम फिरला. ‘कॉपी ए:खाते.डॅट बी:’. देणारा आधी, घेणारा नंतर. बोलण्याच्या ओघाला हाच क्रम जवळचा, यात संशय नाही. पण जुन्या सवयीच्या हाताने ए आणि बी यांची अदलाबदल केली, की कालची प्रत आजच्या खतावणीवर बसे आणि दिवसभराच्या नोंदी नाहीशा होत. यावर संगणक काय म्हणे? एक फाइल कॉपी झाली, एवढेच! नोकराने हुकूम तंतोतंत पाळावा आणि पेढी बुडावी, तसाच हा प्रकार.

यावर खरा उपाय आज्ञेत नव्हता, तो फ्लॉपीच्या कडेला होता. सव्वापाच इंची फ्लॉपीला एक चौकोनी खाच असे. तिच्यावर चिकटपट्टी लावली, की त्या फ्लॉपीवर काही लिहिता येत नसे. नक्कल घेण्यापूर्वी मूळ फ्लॉपीची खाच झाकणारा मनुष्य क्रम चुकला तरी वाचे. काम झाल्यावर पट्टी काढायची, इतकाच त्रास.

जुन्या फाइलवर नवी लिहू का, असे ‘कॉपी’ने आपणहून विचारण्यास १९९३ ची डॉस ६.२ यावी लागली. तेही आज्ञा हाताने दिली तरच. बॅच फाइलमधून चालविल्यास ती पूर्वीसारखीच मुकाट्याने लिहून मोकळी होई.