भूगोलाचा स्वाध्याय : पाठांतराकडून निरीक्षणाकडे

अभ्यासक्रमात बदल झाला की सर्वसाधारणपणे चर्चा होते ती कोणता पाठ वगळला आणि कोणता नव्याने आला याची. पाठाच्या अखेरीस येणाऱ्या स्वाध्यायाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः विद्यार्थ्याने नेमके काय करावे अशी अपेक्षा आहे, हे स्वाध्यायावरूनच स्पष्ट होते.

शिक्षणाची सांगड जीवनाशी घातली जावी, असा आग्रह कोठारी आयोगाने (१९६४–६६) धरला होता. १९६७ साली पुणे येथे राज्याचे पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ, म्हणजेच ‘बालभारती’, स्थापन झाले. तथापि, रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, टिपा लिहा हेच भूगोलाच्या स्वाध्यायाचे स्वरूप दीर्घकाळ राहिले. ‘भौगोलिक कारणे द्या’ हा प्रश्न विचाराला चालना देणारा खरा. परंतु त्याचीही उत्तरे मार्गदर्शकांतून तयार मिळू लागल्याने कारणमीमांसाही पाठांतराचाच विषय बनली.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शालेय ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडण्याचे व घोकंपट्टीपासून दूर जाण्याचे तत्त्व मांडले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कृती, शोध आणि अन्वेषण यांद्वारे होणाऱ्या अध्ययनास वैधानिक आधार दिला. या विचारांचे प्रतिबिंब पुढील पाठ्यपुस्तकांत उमटले. नकाशे, आलेख व सांख्यिकीय तक्ते यांवर आधारित प्रश्न वाढले आणि पाठाच्या मध्येच कृती येऊ लागल्या. २०१८ साली आलेल्या इयत्ता दहावीच्या पुस्तकात तर भारत व ब्राझील या दोन देशांची तुलना हाच अभ्यासाचा गाभा ठरविण्यात आला.

हा फरक एका उदाहरणावरून ध्यानी येईल. ‘सर्वांत अधिक पावसाचे ठिकाण कोणते?’ या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर पुरते. याउलट, महाबळेश्वर येथे वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असता, तेथून सुमारे ३० किलोमीटरवरील वाईला एक हजार मिलिमीटरही का लाभत नाही, असे विचारल्यास विद्यार्थ्याला नकाशा उघडावा लागतो. वाऱ्यांची दिशा, सह्याद्रीची उंची आणि पर्जन्यछाया यांचा परस्परसंबंध त्याला स्वतः जुळवावा लागतो. पर्जन्यछायेतील गावच्या मुलाला तर आपल्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात का आटते, याचा उलगडा करण्यास येथूनच आरंभ करता येतो.

मात्र केवळ स्वाध्याय बदलल्याने कार्यभाग साधत नाही. ‘परिसराला भेट द्या’ ही कृती वर्गात बसूनच लिहून काढली गेली, तर नवा स्वाध्यायही जुन्याच वाटेने जाईल. परीक्षेत मापन पाठांतराचेच होत राहिले, तर शिक्षकही निरीक्षणासाठी वेळ देण्यास धजावणार नाहीत. म्हणून प्रश्नपत्रिका तयार करणाऱ्यांनी व तपासणी अधिकाऱ्यांनी, विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या नोंदींना योग्य ते स्थान देणे अगत्याचे आहे.

पंचायत सदस्यांचाही येथे मोलाचा वाटा आहे. गावनकाशाची प्रत शाळेस उपलब्ध करून देणे, महसूल मंडळातील पावसाची आकडेवारी मिळवून देणे, बंधारा वा पाझर तलाव पाहण्यास मुलांसोबत जाणे यांस विशेष खर्च येत नाही. उद्या पाणी, पीक व जमीन यांविषयीचे निर्णय ग्रामसभेत याच मुलांना घ्यावयाचे आहेत. नकाशा वाचण्याची व आकड्यांचा अर्थ लावण्याची सवय त्यांना शालेय वयातच लागली, तर त्या निर्णयांचा पाया निश्चितच भक्कम होईल.