पोराच्या अंडगोळीला पीळ पडला तर: पेशी काय सांगतात, घड्याळ काय सांगते

“सिस्टर, रक्त तपासून कळत नाही का, आतलं जिवंत आहे की मेलं?” ऑपरेशन थिएटरच्या दाराशी एका बापाने मला विचारले होते. पंधरा वर्षांचा मुलगा आत होता. रात्री दोनला त्याच्या अंडगोळीत अचानक कळ आली. लाजेपायी त्याने आईला फक्त “पोट दुखतंय” एवढेच सांगितले. घरी ओवा झाला, सकाळी एका दवाखान्यात गॅसचे इंजेक्शन झाले. पॅन्ट उतरवून कोणी पाहिलेच नाही. आमच्याकडे पोचला तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. वृषण काळे पडले होते, काढावेच लागले.

त्या बापाचा प्रश्न वेडा नव्हता. संशोधक कित्येक वर्षे हेच शोधत आहेत.

आधी घडते काय ते पाहू. वृषण एका दोरीला लोंबते आणि त्या दोरीतल्या नळ्यांतूनच त्याचे रक्त येते-जाते. काही मुलांत जन्मापासून त्याची पकड सैल असते, ते घंटेतल्या लोलकासारखे हलते. मग खेळताना, अगदी झोपेतसुद्धा पीळ पडतो. नवजात बाळे आणि १२ ते १८ वर्षांची मुले यांना हा धोका जास्त. पिळाने आधी रक्त परत नेणारी शीर दाबली जाते, म्हणून सूज येते. मग धमनीही बंद होते. प्राणवायू नाही म्हणजे पेशीला ऊर्जा नाही. पेशीत आम्ल साचते, कॅल्शियम आत घुसते, पेशी मरू लागतात.

आणि पीळ सोडवला की सगळे लगेच निस्तरते असेही नाही. अडलेले रक्त एकदम परत आले की प्राणवायूचे जहाल रेणू तयार होतात आणि पेशीच्या आवरणातली चरबी जाळतात. उपाशी माणसाला एकदम पोटभर वाढले तर त्याला ते बाधते, तसेच काहीसे.

या जळण्याच्या खुणा मोजता येतात. मॅलोनडायअल्डिहाइड ही त्या जळालेल्या चरबीची राखच म्हणा. ती वाढली म्हणजे आवरण फुटले. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज आणि ग्लुटाथायोन हे पेशीचे राखणदार. ते खर्ची पडून कमी होतात. मायलोपेरॉक्सिडेज वाढले तर पांढऱ्या पेशी आत शिरल्या आहेत. कॅस्पेस-३ वाढले तर पेशींनी स्वतःला संपवायला घेतले आहे. रक्तातले इस्केमिया मॉडिफाइड अल्ब्युमिनही काहींनी मोजून पाहिले आहे.

मग हे आपल्या सिव्हिल हॉस्पिटलात का होत नाही? यातले बहुतेक काम उंदरांवर झाले आहे. उंदराचे वृषण ७२० अंशांत, म्हणजे दोन पूर्ण वेढे, पिळून काही तासांनी सोडवतात आणि त्याचा तुकडा तपासतात. आपल्या पोराचा तुकडा काढायचा म्हणजे चिरावेच लागणार, आणि चिरल्यावर तर डोळ्यांनाच दिसते. रक्तातल्या खुणा दुसऱ्या अवयवाच्या दुखण्यानेही वाढू शकतात. हृदयाला जशी ट्रोपोनिनची तपासणी आहे, तशी खात्रीची तपासणी वृषणाला अजून नाही. आणि समजा उद्या निघाली, तरी रिपोर्टची वाट पाहण्यात जाणारा तास कोणाचा जाणार?

कारण पेशींचे आयुष्य तासांत मोजले जाते. दुखू लागल्यापासून ६ तासांच्या आत पीळ सुटला तर दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त वृषणे वाचतात. १२ तासांनंतर निम्मी हातची जातात. २४ तासांनंतर वाचणारे क्वचितच.

म्हणून डॉक्टर आज हाताने आणि डोळ्यांनीच ठरवतात. २०१३ साली त्यासाठी ‘ट्विस्ट’ नावाची गुणपद्धत आली. सूज आणि कडकपणा यांना दोन-दोन गुण. मळमळ-उलटी, वर चढलेले वृषण आणि मांडीच्या आतल्या बाजूला हलकेच घासल्यावर वृषण वर न सरकणे, यांना एकेक. एकूण सात. शंका असेल तर डॉप्लर सोनोग्राफी. पण गुण जास्त असतील तर तिच्यासाठीही थांबू नये. टेबलावर पीळ सोडवून कोमट सलाइनच्या गॉजमध्ये गुंडाळतात आणि रंग परततो का पाहतात. काही सर्जन बारीक छेद देऊन ताजे लाल रक्त येते का ते बघतात. वाचले तर टाके घालून जागी बसवतात. दुसऱ्या बाजूचेही बसवतात, कारण सैलपणा बहुधा दोन्हीकडे असतो.

तेव्हा मुलगा ओटीपोट धरून बसला आणि उलट्या करू लागला, तर आईने “खाली दुखतंय का?” असे सरळ विचारावे. हो म्हणाला तर खायला-प्यायला न देता, शेक न देता, १०८ लावून सर्जन असलेल्या दवाखान्यात न्यावे. केसपेपर काढताना “अंडगोळीत दुखतंय, एवढ्या वाजल्यापासून” हे मोठ्याने सांगावे. तिथे पोटदुखी लिहिली गेली तर रांग वेगळी लागते.

त्या बापाने जाताना आणखी एक विचारले होते, मान खाली घालून: “लग्न होईल ना याचं?” पिळात बीज तयार करणाऱ्या पेशी आधी मरतात, पुरुषी हार्मोन तयार करणाऱ्या लायडिग पेशी जरा जास्त तग धरतात. पण त्याची दुसरी बाजू धडधाकट होती. एका चांगल्या वृषणावर दाढी-मिशी येते, संसार होतो, बहुतेकांना मुलेही होतात. मी त्यांना तसे सांगितले, आणि मुलालाही वेगळे बसवून सांगितले, कारण त्याला विचारायची लाज वाटत होती.