पिकअप गाळात रुतली तर? परवडणारा विंच घेताना हिशेब कसा करायचा

परतीचा पाऊस सुरू झाला की आपल्या भागात एक दृश्य हमखास दिसतं. पाणंदीत मागची चाकं निम्मी गाळात गेलेली पिकअप, हौद्यात रताळ्याची किंवा बटाट्याची पोती, आणि बाजूला मोबाइल कानाला लावून ट्रॅक्टरवाल्याला शोधणारा ड्रायव्हर. खानापूरच्या लाल मातीत असो की निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या रानात, मागच्या चाकांवर चालणारी पिकअप एकदा बसली की ॲक्सिलरेटर दाबेल तेवढी खोल जाते. ट्रॅक्टर वेळेवर मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर मार्केट यार्डातला सौदा चुकतो, दूध नासतं, आणि त्या दिवसाचं भाडं ट्रॅक्टरला द्यावं लागतं ते वेगळंच.

म्हणूनच अलीकडे बरेच पिकअपवाले विचारतात, "गाडीला विंच बसवला तर परवडेल काय?" परवडेल की नाही हे विंचच्या किमतीवर कमी आणि आपल्या गरजेवर जास्त अवलंबून आहे. त्यामुळे आधी गरज समजून घेऊ, मग यंत्र.

गाडी ओढायला जोर किती लागतो?

कडक डांबरी रस्त्यावर गाडी ढकलायला तिच्या वजनाच्या साधारण पंचविसाव्या हिश्श्याएवढा जोर पुरतो. म्हणून तर दोघे-तिघे मिळून ढकलस्टार्ट करू शकतात. पण चाकं गाळात अर्ध्याच्या वर गेली की हिशेब पार बदलतो. ढोबळ नियम असा, की चाकं बुडेपर्यंत गाळ असेल तर गाडीच्या पूर्ण वजनाएवढा ओढ लागतो. गाळ मडगार्डपर्यंत आला तर दुप्पट. त्यात चढ असेल तर आणखी भर: १५ अंशांच्या चढाला वजनाचा पाव हिस्सा वरून धरायचा.

आता आपल्या पिकअपचं उदाहरण घेऊ. माल भरलेली मध्यम पिकअप तीन ते साडेतीन टनांच्या घरात जाते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा आरसीवर ग्रॉस व्हेईकल वेट म्हणून छापलेला असतो, तोच धरा. समजा ३.४ टन. चाकं गाळात आणि पुढे १५ अंशांचा चढ. म्हणजे ३.४ अधिक सुमारे ०.९, एकूण ४.३ टनांचा ओढ हवा.

तीच गाडी रिकामी केली तर? वजन १.८ टन धरू. चढासकट २.३ टनांत काम होतं. म्हणजे पोती उतरवायचे कष्ट घेतले तर लागणारा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर गाडी काढताना मागे वजन असलेलं बरं असं आपण म्हणतो, कारण टायरला पकड मिळते. पण विंचने ओढताना टायरच्या पकडीची गरजच नसते. तिथे हौदा रिकामाच बरा.

विंचवरचा आकडा आणि खरा आकडा

बाजारातले विजेचे विंच पौंडाच्या आकड्यावर विकले जातात. ९,५०० पौंड म्हणजे सुमारे ४,३०९ किलो, १२,००० पौंड म्हणजे सुमारे ५,४४३ किलो. नेहमीचा ठोकताळा आहे, भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट क्षमतेचा विंच घ्यावा. ३.४ टनांची दीडपट ५.१ टन होते. म्हणजे कागदावर १२,००० पौंडाचा विंच आला.

पण या आकड्यात एक मेख आहे, ती दुकानदार सहसा सांगत नाही. छापलेली क्षमता ही ड्रमवर दोरीचा फक्त पहिला थर असतानाची असते. दोरी गुंडाळली जाते तसा ड्रम जाड होतो आणि ओढ कमी होतो. तिसऱ्या थरावर साधारण सत्तर टक्के, चौथ्या थरावर साठच्या आसपास. म्हणजे ९,५०० चा विंच तिसऱ्या थरावर जेमतेम तीन टन ओढेल. वर काढलेले ४.३ टन त्याला झेपणार नाहीत. म्हणून खुंटा किंवा झाड जवळ असलं तरी शक्यतो लांबचं निवडा. दोरी जितकी जास्त सुटेल तितका विंच ताकदीने ओढेल. फक्त एक पथ्य पाळा: ड्रमवर किमान पाच-सहा वेढे राहिलेच पाहिजेत. नाहीतर दोरीचं टोक ड्रममधून उपटून येतं.

स्वस्तातली खरी युक्ती: कप्पी

मोठा विंच घेण्याआधी एक उघडणारी कप्पी घ्या. इंग्रजीत तिला स्नॅच ब्लॉक म्हणतात. विंचची दोरी झाडाला बांधलेल्या कप्पीतून फिरवून परत गाडीच्या हुकाला अडकवली की ओढ जवळजवळ दुप्पट होतो. घर्षणात थोडा जातो, तेवढा सोडून द्या. वेग निम्मा होतो, पण गाळातून काढताना घाई तरी कुठे असते? शिवाय दोरी दुप्पट सुटल्याने खालच्या थरावर काम होतं, तोही फायदा. वरच्या उदाहरणात तीन टनांचा ओढ कप्पीमुळे साडेपाच टनांच्या पुढे जातो.

म्हणजे कमी बजेटमध्ये "९,५०० चा बरा विंच अधिक चांगली कप्पी" ही जोडी "१२,००० चा कुठलातरी विंच" यापेक्षा उजवी. मात्र कप्पी ज्या झाडाला किंवा खुंट्याला बांधली, त्याच्यावर दोन्ही दोऱ्यांचा ताण एकत्र येतो हे विसरू नका. किरकोळ झाड मुळासकट वर येईल.

बॅटरीचं गणित

पूर्ण भारावर असा विंच ३५० ते ४५० अँपिअर करंट खातो. गाडीचा अल्टरनेटर त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास देतो. उरलेला सगळा बॅटरीतून जातो. त्यामुळे बॅटरी जुनी, टर्मिनलवर बुरशी, अर्थिंग ढिली, अशा गाडीला विंच बसवून उपयोग नाही. ओढताना इंजिन चालू ठेवा. एका वेळी मिनिटभरापेक्षा जास्त ओढू नका. मध्ये चार-पाच मिनिटं थांबा, मोटरला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर अजून थांबा.

मोटर दोन प्रकारच्या येतात. कायम चुंबकाची मोटर स्वस्त असते, करंट कमी खाते, पण लवकर तापते. सिरीज वाइंडिंगची मोटर थोडी महाग, पण लांबच्या ओढीला टिकते. आपल्या गाळातलं काम लांबलचक असतं, त्यामुळे पैसे घालायचेच तर इथे घाला. आणि व्होल्ट बघून घ्या. पिकअपला १२ व्होल्ट लागतं. मोठ्या ट्रकसाठीचा २४ व्होल्टचा विंच स्वस्तात मिळाला म्हणून उचलू नका. पाणी-चिखलापासून बचावाचं आयपी ६७ रेटिंग असेल तर बरं. वायरलेस रिमोट असला तरी वायरचा रिमोट सोबत आहे ना, ते तपासा. वायरलेसचा सेल नेमका पावसात दगा देतो.

लोखंडी तार की सिंथेटिक दोरी?

तार स्वस्त, दगडाला घासली तरी टिकते. पण पावसाळ्यात गंजते, पीळ पडला की तिथे कमजोर होते, आणि तुटलेले बारीक तंतू हातात घुसतात. जाड चामडी हातमोज्यांशिवाय तारेला हात लावू नये. सिंथेटिक दोरी हलकी, हाताळायला सोपी, तुटली तरी तारेइतक्या जोरात उसळत नाही. पण ती महाग. उन्हाने कमजोर होते, आणि गाळ आत शिरला की वाळूचे कण आतून तंतू कापत राहतात. वापरल्यावर स्वच्छ पाण्याने धुवून सावलीत वाळवावी लागते. हे करायची तयारी नसेल तर तारच बरी. दोरी घेतली तर पुढचा रोलर काढून गुळगुळीत ॲल्युमिनियमचा मार्गदर्शक बसवा, कारण तारेने खरवडलेला रोलर दोरी कापतो.

विजेचा हवाच का?

साधारण कामाचा विजेचा विंच तीस-चाळीस हजारांच्या आसपास सुरू होतो, नामांकित परदेशी लाखाच्या पुढे. त्यात प्लेट, वायरिंग, मजुरी धरा. वर्षातून दोन-तीनदाच गाडी रुतत असेल तर हा खर्च फिटायला वर्षं जातील.

अशांसाठी हाताने चालवायचा टिर्फर आहे. बांधकामावर, विजेचे खांब उभे करताना तुम्ही पाहिला असेल. दांडा पुढे-मागे केला की तार इंच-इंच सरकते. ८०० किलो, १.६ टन आणि ३.२ टन अशा क्षमतेत मिळतो. १.६ टनांचा टिर्फर आणि एक कप्पी, एवढ्यावर रिकामी पिकअप निघते. त्याला बॅटरी लागत नाही, आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तो गाडीच्या मागेही लावता येतो. पुढच्या बंपरला बसवलेला विंच फक्त पुढे ओढतो. आणि पाणंदीत रुतलेली गाडी बहुतेक वेळा आली त्या वाटेने मागेच काढायची असते. विजेचा घेणार असाल तर मागे ओढायची सोय कशी करणार, याचा विचार आधी करा.

हार्डवेअरच्या दुकानात "४ टन" असा शिक्का मारलेले छोटे दाताचे हातविंच अगदी स्वस्तात दिसतात. त्यांची तार बघा. ५ मिलिमीटरची साधी पोलादी तार दीड टनाच्या आतबाहेर तुटते. मग चार टन ओढणार कशाने? बांधावरचे दगड सरकवायला ठीक आहे, गाडीला नको.

बसवताना

बंपरचा पत्रा विंच धरू शकत नाही. प्लेट थेट चॅसीच्या दोन्ही पट्ट्यांना बोल्टने बांधलेली हवी. उद्यमबागेत अशी जाड प्लेट वाकवून देणारे कारागीर आपल्याकडे आहेत, हे बेळगावचं भाग्य. बोल्टच्या डोक्यावर ८.८ चा शिक्का बघून घ्या. चॅसीला वेल्डिंग मारू देऊ नका, तिथून ती पुढे तडकते. बॅटरीपासून जाड तांब्याची केबल आणि मध्ये हाताने बंद करता येणारा कटऑफ स्विच हवाच. विंच आणि प्लेट मिळून पुढच्या ॲक्सलवर पन्नास-साठ किलो वाढतात, तेवढा माल कमी भरावा लागतो.

कायद्याचंही बघा. वाहनात बदल करण्याबाबत मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. बाहेर आलेल्या लोखंडी क्रॅश गार्डवर कारवाई करण्याबाबत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं आहे. विंचसाठी मोठा बुल बार बसवला तर दंड होऊ शकतो, आणि अपघातात विमा कंपनीला हरकत घ्यायला कारण मिळतं. रोज चोर्ला घाटातून गोव्याला किंवा शिनोळीतून महाराष्ट्रात जाणाऱ्यांनी तर आरटीओत आणि विमा एजंटकडे आधी विचारून घ्यावं. ज्यांना ही कटकट नको, त्यांना टिर्फर पुन्हा सोयीचा. तो हौद्यात पडून राहतो, गाडीत काहीच बदलावं लागत नाही.

जीव महत्त्वाचा

ताणलेली तार तुटली तर ती चाबकासारखी फिरते. हात-पाय तोडते, माणूस मारते. गावात गाडी रुतली की वीस जण भोवती जमतात, पोरं पुढे येतात. ओढायला सुरुवात करण्याआधी सगळ्यांना तारेच्या लांबीएवढं तरी लांब पाठवा. तारेच्या मध्यावर ओलं पोतं किंवा जाड गोधडी टाका, म्हणजे तुटली तरी जोर खाली बसतो. ताणलेल्या तारेवरून कुणीही ओलांडायचं नाही.

झाडाला तार थेट गुंडाळू नका. तार झाडाची साल कापते आणि स्वतःही खराब होते. रुंद पट्टा वापरा, तो बुंध्याच्या तळाशी बांधा, आणि जोडायला वजनाचा शिक्का असलेला डी-शॅकल घ्या. उघड्या रानात झाडच नसेल तर स्टेपनी टायर दोन-तीन फूट खोल चर काढून आडवा पुरा आणि त्याला बांधा. ट्रॅक्टर मिळाला तर त्याने हिसका देण्यापेक्षा त्याला कडक जागेवर ब्रेक लावून उभा करा आणि खुंटा म्हणून वापरा. वरच्या बाजूला साखळी बांधून ओढताना ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि तो मागे उलटतो, यात चालक दगावतात. साखळी कायम खालच्या हुकालाच.

खरेदीआधी एवढं बघा

आरसीवरचं वजन, त्याची दीडपट. गाडी वर्षातून किती वेळा रुतते आणि पुढे ओढायची की मागे. बॅटरीचं वय. विंचचा थरनिहाय ओढ किती ते पुस्तिकेत छापलंय का. सोलेनॉइड, रिमोट, दोरी हे सुटे भाग बेळगाव, हुबळी किंवा कोल्हापुरात मिळतात का. कप्पी, पट्टा, दोन शॅकल आणि हातमोजे यांचे पैसे बजेटात धरलेत का.

आणि एक फावडं. चाकापुढचा गाळ उपसून, टायरची हवा थोडी कमी करून, खाली दोन फळ्या सारल्या तर अनेकदा विंचला हात लावायची वेळच येत नाही. फक्त डांबरी रस्ता लागला की हवा परत भरायला विसरू नका.